गोणीची वाट

सुरतेहून निघालेली गाडी बारडोली, व्यारा, सोनगड मागे टाकत नवापूरला थांबली. हे स्थानक अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध राज्याची सीमा जाते. ती सीमा १९६० ची. वाट मात्र शेकडो वर्षं जुनी.

सुरत बंदरातला माल बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जायचा तो इथूनच, नवापूर-नंदुरबारवरून. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याच रस्त्यानं गेला. नवापूरच्या सुवासिक तांदळाचं त्यानं कौतुक केलं आहे. पण मला त्याच्या लिखाणातले तांडे विसरता येत नाहीत. दहा-बारा हजार बैल, पाठीवर धान्य नाहीतर मीठ. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, की दोन-तीन दिवस थांबून राहावं लागे.

हे तांडे लमाणांचे. त्यांचं नावच ‘लवण’ म्हणजे मिठावरून आलं, असं मानतात. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी दुतोंडी पिशवी, ती गोण. पुढे नायक, मागे बैल, बायका, पोरं. मुक्कामाला गोणींचीच थप्पी लावून आडोसा करायचा.

साधारण त्याच काळात कॅनडात फ्रेंच वल्हेकरी बर्चच्या सालीच्या होड्यांतून बीव्हरची कातडी वाहून आणत होते. युरोपातल्या टोप्यांसाठी ती लागत. धबधबा आला, की प्रत्येकानं चाळीस-चाळीस किलोंची दोन गाठोडी पाठीवर घेऊन काठाकाठानं चालायचं. माल दुसऱ्याचा, नफा दुसऱ्याचा. यांच्या वाट्याला वाट. फरक एवढाच, की वल्हेकरी घर मागे ठेवून निघे. लमाणाचं घर त्याच्याबरोबर चालायचं.

नंदुरबारला उतरलो. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं पाहिलेलं हे गाव. पुढे इंग्रजांनीही इथं वखार घातली. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून रेल्वे आली, आणि बैलाच्या पाठीवरचा माल डब्यात गेला.

गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या. लालभडक जमीन, हवेत ठसका. तोंडाला फडकं बांधलेल्या बाया देठ खुडत बसल्या होत्या. शेजारी ट्रक भरत होता. एका हमालानं गुडघे वाकवले, दोघांनी त्याच्या पाठीवर गोणी चढवली, कपाळावरची शीर टरारली, आणि तो फळीवरून तोल सांभाळत वर गेला.

खाली येऊन त्यानं पाणी प्यायलं. “अजून किती?” मी विचारलं.

“पंधरा-वीस खेपा,” तो म्हणाला, आणि पुन्हा पाठ वाकवली.

व्यापाऱ्यांच्या वखारी नोंदींत राहिल्या, बादशहांची नावं इतिहासात. ज्यांनी पाठीवरून माल नेला, त्यांचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. त्यांची गोणी मात्र आपण रोज उच्चारतो.