अण्णांचा चाकू आणि शाळेतून आलेला फोन



आज जरा लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा. विषय थोडा विचित्र वाटेल: खिशातला घडीचा चाकू. आणि आधीच कबूल करते, या गोष्टीत जी चूक झाली ती माझी होती, मुलाची नाही.

गेल्या ऑक्टोबरात एका सोमवारी दुपारी शाळेतून फोन आला. "तुमच्या मुलाच्या बॅगेत चाकू होता. तो ठीक आहे, सगळे ठीक आहेत, पण तुम्ही लगेच येऊ शकाल का?"

इंग्लंडमध्ये मुलं वाढवणाऱ्या आईच्या पोटात हे वाक्य ऐकून काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गाडीची किल्ली हातात होती आणि मी ती घरभर शोधत होते.

पण हे नीट कळायला आधी चाकूची गोष्ट सांगायला हवी.

चाकू माझ्या आजोबांचा. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. राजापूरजवळच्या आमच्या गावात अण्णा आंब्याची कलमं बांधायचे. पावसाळा लागला की पडवीत पोतं अंथरून बसायचे, एका बाजूला नुकत्याच रुजलेल्या कोयी, दुसऱ्या बाजूला हापूसच्या काड्या. बंडीच्या खिशातून चाकू निघायचा, दोन काप, प्लास्टिकच्या पट्टीचे चार वेढे, झालं कलम. आम्हा नातवंडांना त्या चाकूला हात लावायची सक्त मनाई. "बोट जाईल गो," एवढंच म्हणायचे, पण असं म्हणायचे की हात आपोआप मागे जायचा.

अण्णा गेल्यावर काकूने तो चाकू धोतराच्या चिंधीत गुंडाळून मला दिला. मी तो चेक-इनच्या बॅगेत टाकून इकडे आणला आणि किचनच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. सहा वर्षं तो तिथेच होता, बॅटऱ्या आणि रबरबँडांच्या सोबतीला.

गंमत अशी की आम्ही राहतो शेफील्डला. हे गावच चाकूंचं. इथली सुऱ्या-चाकू करणाऱ्या कारागिरांची संघटना १६२४ सालची. १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्लीने इथेच गंज न धरणारं पोलाद केलं. इथल्या कटलर्स हॉलमध्ये १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी बनवलेला 'नॉरफोक नाइफ' आहे, त्याला ७५ पाती आणि अवजारं आहेत! पण मी इथे आले ती नोकरीसाठी. 'मेड इन शेफील्ड' ही अक्षरं मी फक्त चमच्यांच्या पाठीवर वाचली होती.

डोळे उघडले ते चिरंजीवांमुळे. तेव्हा तो अकरा वर्षांचा. एका रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात आम्ही पितळी दिवे बघत होतो आणि हा शेजारच्या टेबलापाशी खिळून उभा. टेबलावर हिरवं कापड, त्यावर ओळीने पन्नास-साठ घडीचे चाकू आणि पलीकडे तीन-चार म्हातारे, हातात भिंग घेऊन वाद घालत बसलेले.

नवरा माझ्या कानात म्हणाला, "चाकू कसले जमवायचे?" मी म्हटलं, पुण्याला केळकर संग्रहालयात अडकित्ते बघताना तूच अर्धा तास हलत नव्हतास, ते काय होतं? तेव्हा गप्प बसला.

ही मंडळी चाकू कसे पारखतात ते सांगते, कारण मला ते फार आवडलं. धारेकडे आधी कुणी बघतच नाही. आधी ऐकतात! जुन्या पद्धतीच्या चाकूत पातं अडकवायला खटका नसतो, पाठीला एक पोलादी पट्टी असते, तीच स्प्रिंग. तिच्या दाबावर पातं उघडं राहतं आणि मिटलेलंही राहतं. पातं उघडताना-मिटताना जो 'टक्' आवाज येतो, त्यावरून पट्टीत किती जीव आहे ते कळतं. मग पातं दोन बोटांत धरून डुलतं का बघतात. मग चाकू उजेडासमोर धरतात, पट्टी आणि मुठीच्या मधून उजेड दिसला तर काम सैल. मग भिंगाने पात्याच्या मुळाशी बनवणाऱ्याचा ठसा वाचतात. आणि शेवटी, पातं मूळचं किती रुंद असेल आणि आता किती उरलंय. घासून घासून झिजलेल्या पात्याची किंमत पडते.

मुठींचे तर किती प्रकार! हाड, शिसवी लाकूड, म्हशीचं शिंग, शिंपला. सांबराच्या शिंगाच्या मुठीचा एक चाकू एका आजोबांनी अगदी मायेने हातात दिला आणि म्हणाले, "हे तुमच्याकडचं." खरंच, इथल्या कारागिरांकडे सांबरशिंग आपल्या देशातून यायचं. आता त्याची निर्यात बंद आहे, म्हणून तशा जुन्या मुठींना हे लोक फार जपतात.

पात्यांच्या आकारांना नावं, आणि त्यामागे कामं. 'लँब्सफूट'ची धार सरळ आणि पाठ टोकाकडे उतरती. 'पेननाइफ' म्हणजे मुळात पिसाची लेखणी तासायचा चाकू. मला एकदम हसू आलं. आपल्याकडे बोरूलाही कलम म्हणतात आणि अण्णा बांधायचे तेही कलमच. इंग्रजीत हे सांगायचा प्रयत्न केला, फारसा जमला नाही.

पुढच्या महिन्यात मुलाच्या हट्टापायी मी अण्णांचा चाकू तिकडे घेऊन गेले. खरं सांगू? मनात थोडी आशा होती. ठशाची शेवटची तीन-चार अक्षरं पुसट दिसत होती, ती 'शेफील्ड'ची असावीत असं मला वाटत होतं. इथून निघालेला चाकू कोकणात जाऊन परत इथे आला, अशी छान गोष्ट मी मनातल्या मनात तयारच ठेवली होती.

त्या आजोबांनी चाकू उघडला. आवाज ऐकला. भिंग लावलं. मग म्हणाले, ठसा पूर्ण गेलाय, कुणाचा ते सांगता येणार नाही. शेफील्डचं नाव तर जगभर कुणीही ठोकायचं. पातं निम्मं झिजलंय. संग्राहकाच्या दृष्टीने याला काही किंमत नाही.

मी चाकू परत घ्यायला हात पुढे केला, तर ते देईनात. पात्यावर नखाने हळूच रेघ ओढत विचारलं, "तुमचे आजोबा झाडांचं काम करायचे का?"

मी काहीच सांगितलं नव्हतं!

त्यांनी दाखवलं. साध्या चाकूला दोन्ही अंगांनी धार असते. याला एकाच अंगाने होती, दुसरं अंग अगदी सपाट. "कलमं करणारे अशी धार लावतात. सपाट अंग लाकडाला टेकवलं की काप सरळ जातो, खोलगट होत नाही. दोन्ही काप एकमेकांवर बसले आणि सालीखालचे हिरवे थर भिडले, तरच कलम धरतं. हा चाकू विकत घेताना असा नव्हता. कुणीतरी दगडावर घासून घासून असा केलाय. आणि माणूस उजव्या हाताचा होता."

मंडळी, माझ्या डोळ्यात पाणी आलं. आजोबांच्या मागे मी अख्खं बालपण फिरले, पण त्यांनी चाकूला धार कशी लावली होती हे मला त्या दिवशी कळलं, तेही यॉर्कशरच्या एका अनोळखी म्हाताऱ्याकडून.

त्यानंतर चाकू ड्रॉवरमध्ये गेला नाही. मुलाला मी वापरायला शिकवलं. बसून कापायचं, स्वतःपासून दूर कापायचं, दुसऱ्याला देताना मिटून द्यायचं. वापरून झाला की पुसायचा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, कारण हे जुनं पोलाद आहे, आपल्या विळीसारखं. सफरचंद कापलं तरी काळं पडतं.

आणि मग तो सोमवार. रविवारी आम्ही पीक डिस्ट्रिक्टमध्ये चालायला गेलो होतो. डोंगरावर सफरचंदं कापली. चाकू पुसून मीच सॅकच्या पुढच्या कप्प्यात टाकला. घरी आल्यावर काढायचा राहिला. सोमवारी मुलगा तीच सॅक घेऊन शाळेत गेला.

मधल्या सुट्टीत पेन्सिल शोधताना त्याच्या हाताला चाकू लागला. त्याने कुणाला दाखवला नाही, लपवला नाही, सरळ शिक्षिकेकडे जाऊन म्हणाला, "माझ्या बॅगेत हे चुकून आलंय."

शाळेने जे करायला हवं तेच केलं. नोंद केली, माझ्याकडून सगळं लिहून घेतलं, चाकू लिफाफ्यात घालून माझ्या हातात दिला. तो स्वतःहून आला म्हणून पुढची कारवाई टळली, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी माफी मागितली. शाळेत मुलगा एक शब्द बोलला नाही. गाडीत बसल्यावर रडला आणि म्हणाला, "आई, त्यांना वाटलं असतं की मी कुणालातरी मारायला आणलाय. मी पणजोबांचा आहे म्हटलं असतं तरी."

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. आपल्या पोरांना इथे कुठली गोष्ट कशी दिसेल याचा हिशोब आपल्यापेक्षा आधी कळतो.

नवरा म्हणाला, आता पुरे, तो कपाटात कुलपात जाऊ दे. मी महिनाभर तसंच केलं. पण मग वाटलं, चूक चाकूची नव्हती, माझ्या विसराळूपणाची होती. तेव्हा घरात तीन नियम केले, तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

१. चाकूची जागा एकच, आणि ती कुलपात. बाहेर नेला तर परत आल्यावर बूट काढायच्या आधी तो जागेवर. शाळेची बॅग आणि डोंगराची बॅग कायमची वेगळी.

२. जिथे राहता तिथला कायदा वाचा. इंग्लंड-वेल्समध्ये, पातं उघडल्यावर अडकत नसेल आणि धार ३ इंचांपेक्षा (७.६२ सेंटीमीटर) जास्त नसेल, असाच घडीचा चाकू कारणाशिवाय जवळ बाळगता येतो. फ्रान्सचा सुप्रसिद्ध ओपिनेल बघा, १८९० पासूनचा, पण १९५५ पासून त्याच्या बहुतेक आकारांना पातं अडकवणारं कडं आहे. तसा चाकू इथे रस्त्यावर न्यायचा तर योग्य कारण लागतं. स्वसंरक्षण हे कारण चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला, असा छोटा घडीचा चाकू सोडला तर, चाकू विकता येत नाही. अमेरिकेत तर राज्याराज्यात नियम वेगळे. आणि शाळेत कुठलाच चाकू नको, कितीही छोटा असो.

३. चुकून काही झालं तर लगेच मोठ्यांना सांगायचं. हा नियम मुलाने स्वतःच घातला.

आता शेवटचं. या मार्चमध्ये आमच्या भागातल्या सामाईक बागेत सफरचंदाची कलमं शिकवणार होते. मी चाकू घेऊन गेले, मुलालाही नेलं. मनात चित्र असं की पणजोबांचा चाकू पणतवाच्या हातात, मी फोटो काढतेय.

पण चिरंजीव डावखुरे! एका अंगाने धार लावलेला चाकू डाव्या हातात उलटा चालतो. सपाट अंग वर येतं आणि काप सरळ जात नाही. त्याने तीन काड्या वाया घालवल्या, कान लाल झाले. शिकवणाऱ्या बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, दुसऱ्या अंगाने धार लावून घेता येईल, पण पातं अजून झिजेल.

मी म्हटलं, लावून घेऊ. तुझाच आहे आता.

तो थोडा वेळ चाकूकडे बघत राहिला. मग माझ्या हातात देऊन म्हणाला, "नको. राहू दे अण्णांनी केलाय तसा. तू काप, मी बांधतो."

मग मी कापलं. आयुष्यात पहिल्यांदा, बेचाळिसाव्या वर्षी. हात मागे गेला नाही. त्याने पट्टी इतकी घट्ट बांधली की बाईंनी त्याला पुढच्या सगळ्यांच्या पट्ट्या बांधायला बसवलं.

आम्ही तीन कलमं घरी आणली. दोन वाळली. एकाला मे महिन्यात दोन पानं फुटली, आता चार आहेत.

तुमच्या घरात असं काय पडून आहे? अडकित्ता, खलबत्ता, आजीची विळी, आजोबांचा दाढीचा वस्तरा? बाहेर काढा, मुलांना दाखवा. आणि जमलं तर कुठे झिजलंय ते नीट बघा. कुणाच्या हाताने झिजलं ते कमेंटमध्ये लिहा, मी सगळं वाचणार आहे.