पोक

मराठी घरात मुलांना तीन गोष्टी ओरडून सांगाव्या लागतात. पाय धुऊन ये, पानात टाकू नकोस आणि ताठ बस. पैकी तिसरे खाते आमच्याकडे अप्पा सांभाळतात. मी त्यात हात घालत नाही. वीस वर्षे काउंटरमागे बसून माझीच पाठ प्रश्नचिन्हासारखी झालेली. मी कोणत्या तोंडाने सांगणार?

चिरंजीव तेरा वर्षांचे. अप्पा म्हणायचे, "पोक काढू नकोस." शेजारचे काका दप्तराला दोष द्यायचे आणि हिचा संशय मोबाइलवर. एके रात्री जेवताना पोरगा हळूच म्हणाला, "अप्पा, मी ताठच बसलोय."

हे मात्र मला चटकन लागले. दुसऱ्याच दिवशी आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला पालथे निजवले, मग उभे करून पुढे वाकवले. "सवयीचा बाक पालथं झोपलं की जातो. ह्याचा जात नाही," ते म्हणाले आणि एक्स-रे काढायला लावला.

मणका बाजूने कसा, विटेसारखा दिसावा. ह्याचे ओळीने तीन मणके पुढून बसके, पाचरीसारखे! पाचरी एकीवर एक रचल्या तर भिंत झुकणारच. तिला रोज "ताठ राहा" म्हणून ओरडा, ती काय करील बिचारी? डेन्मार्कच्या शॉयरमान नावाच्या डॉक्टरांनी 1920 च्या सुमारास हे दुखणे मांडले, म्हणून त्याला त्यांचेच नाव. नेमके कारण अजून सापडलेले नाही, पण कधीकधी ते घराण्यात असते, असे डॉक्टर म्हणताच हिने माझ्या पाठीकडे पाहिले.

पाठीला साधारण 20 ते 40 अंशांचा बाक सगळ्यांनाच असतो. चिरंजीवांचा निघाला 58. "गणितात एवढे कधी पडले नव्हते," हे त्याचेच म्हणणे.

दप्तर निर्दोष सुटले. ते मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जड नसावे, असे केंद्र सरकारचे 2020 चे धोरण सांगते, ते खरेच. पण ही पाचर त्याने मारलेली नव्हती.

आता शर्टाच्या आत ब्रेस असतो. रोज व्यायामही असतो. अप्पा काही बोलले नाहीत. (माफी मागणे आमच्या घराण्यात नाही, मणके आहेत.) संध्याकाळी मात्र बाजारातून अर्धा डझन मऊ सुती बनियन घेऊन आले. ब्रेस काचतो म्हणे.

ब्रेसचा उपयोग हाडे वाढताहेत तोवरच. मी त्याला समजावले, "मुदत ठेव समज. मुदत हाडं ठरवणार."

"आणि मधेच मोडली तर?"

"व्याज बुडतं."

त्याने थोडा विचार केला आणि पट्टा पुन्हा आवळून घेतला.