अर्ध्या पेनीचा पत्ता

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक नावाची काउंटी आहे. तिथे गव्हाची कापणी ऑगस्टात उरकते. नवी पेरणी होईपर्यंत शेतं मोकळी असतात आणि कानाला हेडफोन लावून, मेटल डिटेक्टरची गोल कॉइल जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत चालणारी माणसं बांधाबांधावर दिसू लागतात. इप्सविचला राहायला आल्यावर शेजारच्या काकांमुळे मीही त्यांच्यातली एक झाले. काका निवृत्त ट्रॅक्टर मेकॅनिक. त्यांचं उभं आयुष्य याच मातीत गेलेलं.

यंत्र हातात देण्याआधी ते मला शेतकऱ्याकडे घेऊन गेले. मालकाच्या परवानगीशिवाय इथे शेतात पाऊल टाकायचं नाही. संरक्षित स्मारकाच्या जागेवर तर मालक ‘हो’ म्हणाला तरी चालत नाही. 1979 च्या कायद्याप्रमाणे तिथे वेगळी सरकारी संमती लागते. जे मिळेल त्यात निम्मा वाटा शेतकऱ्याचा, असं कागदावर लिहून सह्या झाल्या, मगच आम्ही शेतात उतरलो.

खरं शिक्षण कानाचं होतं. कॉइलमधून सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. वाटेत धातू आला की त्यात वीजप्रवाह उठतो आणि त्याचं उलट क्षेत्र यंत्राला कळतं. खिळ्याचा आवाज जाड, घोगरा. चांदीचा उंच आणि स्वच्छ. मधल्या पट्ट्यात सगळा गोंधळ, कारण शिसं, लहानसं सोनं आणि शीतपेयाच्या डब्याची कडी जवळपास एकाच सुरात बोलतात. त्यामुळे मधला सूर आला की खणायचंच, कंटाळा करायचा नाही, असं काकांनी बजावलं होतं. चाल संथ हवी, कॉइल जमिनीला समांतर हवी, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढायला हवा. वळताना हात वर गेला की तेवढी जमीन तपासायची राहून जाते. नांगरलेल्या रानात खड्डा बुजवणं सोपं असतं. कुरणात मात्र गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापायचा, झाकणासारखा उलटायचा आणि काम झालं की पुन्हा नीट दाबून बसवायचा. गुरांचा पाय मुरगळेल असा खड्डा सोडणाऱ्याला पुढच्या हंगामात कोणी दारात उभं करत नाही.

पहिल्या हिवाळ्यात शिशाच्या गोळ्या, बटणं, बैलगाडीच्या काळातल्या कड्या असं बरंच निघालं. जुन्या वस्तू अशा विखुरलेल्या का सापडतात, तेही तेव्हा कळलं. गावातलं शेणखत शेतात पसरायचे, त्याबरोबर घरातला केरकचराही यायचा.

मग एका सकाळी चिकणमातीच्या ढेकळात चांदीचा अर्धा चकता चमकला. तुटलेला नव्हता, कापलेला होता. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये पेनी हेच रोजचं नाणं होतं. अर्धी पेनी द्यायची असेल तर नाणं मधोमध कापत, पाव हवी असेल तर चार तुकडे करत. माझ्या तुकड्यावरच्या दुहेरी रेघांच्या क्रुसाच्या भुजा थेट कडेपर्यंत पोचल्या होत्या. हा लांब क्रूस तिसऱ्या हेन्रीने 1247 मध्ये आणला. कातरीला तो आयती रेघ द्यायचा.

एकटंदुकटं नाणं इथल्या कायद्यात ‘खजिना’ ठरत नाही, त्यामुळे ते कळवण्याची सक्ती नव्हती. पण 1997 पासून इंग्लंडमध्ये अशा वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची सरकारी मदतीची योजना आहे. त्या योजनेच्या नोंदणी अधिकारी बाईंकडे काका मला घेऊन गेले. बाईंनी तुकडा तोलला, फोटो काढले आणि सगळ्यात जास्त वेळ एकाच प्रश्नावर घालवला: नेमका कुठे? शेत सांगून भागलं नाही, नकाशावरचा अचूक बिंदू हवा होता. त्याच शेतात पूर्वी इतरांना शिशाची वजनं आणि एक बक्कल मिळाल्याची नोंद त्यांच्याकडे होती. हे सारे बिंदू एकत्र ठेवल्यावर तिथे कधीकाळी देवघेव चालत असावी, अशी शक्यता त्यांनी बोलून दाखवली. माझ्या तुकड्याला बाजारात फारशी किंमत नाही. त्याचं मोल त्या बिंदूत आहे.

इप्सविचच्या उत्तरेला हॉक्सन गाव आहे. 1992 मध्ये तिथे एरिक लॉज हे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. यंत्र वाजलं आणि रोमन सोन्याचांदीची नाणी व चमचे निघू लागले. त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना उरलेला ठेवा जागच्या जागी मिळाला. सुमारे 15,000 नाणी तर होतीच, शिवाय कुठली वस्तू पेटीत कुठे, कशात गुंडाळून ठेवली होती, हेही वाचता आलं. हातोडाही सापडला. तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या छंदातलं सगळ्यात मोठं कौशल्य मला लॉज यांच्या थांबण्यात दिसतं.

म्हणून मार्च 2025 मधली असीरगडची दृश्यं पाहून जीव कळवळला. ‘छावा’ चित्रपटानंतर मुघलांच्या सोन्याची अफवा पसरली आणि बुऱ्हाणपूरजवळच्या त्या शेतांत रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन लोक खणत होते. तिथून जे काही गेलं असेल त्याची जागा आता कोणालाच सांगता येणार नाही.

आपल्याकडे 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर त्याचं स्वरूप, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. तेव्हा विहीर खणताना, नांगरताना, घराचा पाया काढताना काही लागलं, तर कृपा करून हात थांबवा. वस्तू घासू-धुऊ नका, जागेचा फोटो काढा आणि कळवा.