ऋण सोडायचं कुणी?

दोस्तांनो, या पानांवर पश्चात्ताप आणि क्षमेची गोष्ट काढली म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. मी कुणाला देवळात न्यायला निघालेलो नाही. मी बौद्धाच्या घरात वाढलो. पण पणजोबाच्या एका पोरानं मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला आणि दुसऱ्याच्या पोरांनी १९५६ नंतर बुद्धाची वाट धरली. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अशी घरं पुष्कळ. लग्नाकार्याला दोन्हीकडची माणसं एकाच पंगतीत बसतात.

'माफ कर आणि विसरून जा' हा उपदेश आपल्या वस्तीला जेवढा झालाय तेवढा दुसऱ्या कुणाला झाला नसेल. मारणारा मारून जातो. मग शहाणी माणसं येतात आणि मार खाल्लेल्याला मोठं मन शिकवतात. म्हणून ज्या धर्मानं क्षमेला एवढं मोठं आसन दिलं, तिथं क्षमा म्हणजे नेमकं काय, हे तपासून बघावंसं वाटलं.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभूची प्रार्थना म्हणतात. त्यात क्षमेच्या जागी आलेला शब्द आहे ऋण. आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना सोडलं तसं देवा तू आम्हाला सोड, असा त्या मागणीचा अर्थ. मत्तयाच्या मूळ ग्रीकमध्येही देण्याचाच शब्द आहे. आपल्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. सावकाराची वही आपल्या आज्यापणज्यांनी डोळ्यानं पाहिलीय. वहीत रक्कम असते, कुणाचं कुणाकडं ते असतं. आणि ज्याचे पैसे निघतात तोच ते सोडू शकतो. शेजारी सोडू शकत नाही, गावचा पाटीलही नाही.

पण वहीच उलटी लिहिली तर? ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. त्यांच्या हयातीनंतर ते छापलं गेलं. त्यांचा एक आक्षेप असा, की मिशनऱ्यांनी अस्पृश्याला त्याच्या अधोगतीचं कारण त्याचं स्वतःचं पाप असं शिकवलं. ज्या समाजरचनेनं त्याला चिखलात दाबलं तिच्याकडं बोट दाखवलं नाही. म्हणजे देणेकरी मोकळा, आणि ज्याचं येणं आहे तोच गुडघे टेकून पापी म्हणून रडतोय! हा आक्षेप वाचला तेव्हा मला माझी चुलत आत्या आठवली.

आत्या ख्रिस्ती घरातली. नवरा ड्रायव्हर होता, तो वारला. त्याच्या फंडाचे साडेचार हजार आले. आत्याला अक्षरओळख नव्हती. मंडळीतल्या एका पंचानं कागदावर अंगठा घेतला, पैसे काढून आणले आणि स्वतःच्या घराला पत्रे टाकले. सगळ्या कंपाउंडला ठाऊक. बोलणार कोण? तो पंच, दर रविवारी दानाची थैली फिरवणारा.

पुढं एकदा उज्जीवन सभा भरली. तीन रात्री पेटी-तबला, भाषणं, रडणं. तिसऱ्या रात्री हा पंच उभा राहिला आणि साक्ष दिली. मी मोठा पापी होतो, प्रभूनं मला क्षमा केली, माझं ओझं उतरलं. लोक हालेलुया म्हणाले. पाप कोणतं, किती रुपयांचं, कुणाचं, यातलं अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी पाळक आत्याकडं आले. म्हणाले, "बाई, त्यानं पश्चात्ताप केलाय. आता तुम्हीही मनातनं काढून टाका."

आत्या भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "परभूनं केली आसंल माफी. पर पैसे परभूचे न्हवते, पाळकसायेब. माजे व्हते."

या एका वाक्यापुढं मला मोठमोठे ग्रंथ फिके वाटतात. पाळक बिचारे वाईट नव्हते. त्यांनी सत्तर वेळा सात क्षमा करण्याचं वचन काढलं. पण ते वचन मत्तयाच्या ज्या अठराव्या अध्यायात आहे, तो पुरता वाचावा. त्या वचनाच्या आधी रीत सांगितलीय. भावानं अपराध केला तर जाऊन त्याला तोंडावर सांग. ऐकलं नाही तर एकदोन साक्षीदार घे. तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढं मांड. म्हणजे आधी बोलणं, मग साक्ष, मग पंचायत. गप्प बसणं कुठंच नाही. आणि वचनानंतर गोष्ट येते ती अशा चाकराची, ज्याला राजानं दहा हजार तालान्त सोडले. हिशोब केला तर सुमारे सहा कोटी दिवसांची मजुरी! तोच बाहेर येऊन शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबत्याचा गळा धरतो. ही गोष्ट बड्यांना दटावणारी आहे. ती आमच्या आत्याच्या अंगावर का फेकता?

पश्चात्ताप कसा असतो ते लूकच्या शुभवर्तमानात जक्कयानं दाखवलंय. यरीहोचा मुख्य जकातदार, परक्या सरकारसाठी लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो उभा राहून आकडा बोलला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला नाडलं त्याला चौपट परत. आकडा! यहूदा इस्कर्योतालाही पस्तावा झाला होता. चांदीची तीस नाणी घेऊन तो याजकांकडं परत गेला, मी निरपराध्याला धरून दिलं असं बोलला. याजक म्हणाले, आम्हाला काय त्याचं? तो गळफास घेऊन मेला. ज्यांनी त्याला पैसे मोजले त्यांनी त्याच्या पस्ताव्याला जागाच ठेवली नाही. पेत्रही पडला होता. तीनदा नाकारून ढसाढसा रडला. पण त्याला पुढं तीनदा विचारणा झाली, आणि दर वेळी गळ्यात काम पडलं, मेंढरं राखण्याचं. पडलेल्याला उभं करायचं तर त्याला विचारावंही लागतं आणि कामही द्यावं लागतं.

एका पंचाच्या पत्र्यांचा हिशोब मांडता येतो. पण अख्ख्या चर्चनं अख्ख्या समाजाचं देणं करून ठेवलं असेल तर? दक्षिण आफ्रिकेकडं बघा. १८५७ साली तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सभेनं ठरवलं, की शास्त्राप्रमाणं सगळ्यांनी एकत्र बसणं बरं, पण काही जणांच्या दुर्बलतेमुळं अडत असेल तर धर्मांतरितांची उपासना वेगळी भरवावी. दुर्बलता गोऱ्यांची, आणि बाहेर कोण बसलं तर काळे! पुढं या वेगळेपणाची वेगळी चर्चेस झाली आणि वर्णभेदाला धर्माचा टेकू मिळाला. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टनबर्गच्या परिषदेत त्याच चर्चचे धर्मपंडित विली योंकर यांनी स्वतःचा आणि आपल्या चर्चचा अपराध कबूल केला. डेस्मंड टुटूंनी तिथंच उठून क्षमा दिली. काही काळ्या प्रतिनिधींना ते रुचलं नाही. आमच्या वतीनं क्षमा द्यायचा हक्क यांना कुणी दिला? हा आत्याचाच प्रश्न.

फ्रँक चिकाने हे पाळक आणि लढवय्ये. कैदेत त्यांचा छळ झाला तेव्हा त्यावर देखरेख करणारा त्यांच्याच पंथाच्या गोऱ्या मंडळीतला डीकन होता. १९८९ मध्ये पोलिसांच्या माणसांनी त्यांच्या कपड्यांना विष लावलं. ते मरता मरता वाचले. तेव्हाचा कायदा-सुव्यवस्था मंत्री एड्रियन फ्लोक २००६ मध्ये त्यांच्या कचेरीत गेला आणि त्यानं त्यांचे पाय धुतले. चिकानेंनी क्षमा केली. तो हक्क त्यांचा होता, त्यांनी वापरला. पण त्यानं वही मिटली नाही. २००७ मध्ये फ्लोकनं कोर्टात गुन्हा कबूल केला. दहा वर्षांची शिक्षा झाली, ती निलंबित राहिली, तो तुरुंगात गेला नाही. पाय धुतले ते खरं, पण सगळं सांगितलं का, असं विचारणारे तिथं होतेच. पाण्याचं तसराळं हे कबुलीची जागा घेऊ शकत नाही.

आपल्याकडंही वही उघडायला सुरुवात झालीय. तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची मढी वेगळी ठेवणारी भिंत उभी राहिली. मेल्यावरही! २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं दलितांसाठी धोरण जाहीर करून चर्चमध्ये जातिभेद चालतो हे मान्य केलं. चांगलं झालं. पण ही नुसती साक्ष आहे. जक्कयाचा आकडा अजून यायचाय.

आत्याचं काय झालं? ती देवळात जात राहिली. फक्त प्रार्थनेत ऋण सोडण्याची ओळ आली की गप्प बसायची. देवासमोर खोटं कशाला बोलायचं, म्हणायची. दोनेक वर्षांनी एका संध्याकाळी पंच एकटाच आला. रुमालात तीन हजार बांधलेले. म्हणाला, "बाई, साडेचार घेतले व्हते म्या. अंगठा फसवून घेतला. ऱ्हायलेले सुगीला देतो." आत्यानं च्या टाकला. पुढच्या रविवारी तिनं ती ओळ मोठ्यानं म्हटली.

सुगीआधीच तो मेला. दीड हजार राहिले. मी चिडून म्हणालो, बुडालेच की! तर म्हणाली, "बुडाले न्हाईत, म्या सोडले. किती ते त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं, म्हून सोडता आलं."

दोस्तांनो, क्षमा करणं ही काही दुबळ्याची खोड नाही. ती धनकोची सत्ता आहे. क्षमा मागायला येणाऱ्याला दारातून हाकलू नका, यहूदाला हाकलला तसा. पण आत घेतल्यावर वही पुढं ठेवा. आकडा त्याच्या तोंडून येऊ द्या. मग सोडायचं की वसूल करायचं ते आपण बघू. ते दुसऱ्या कुणी सांगायचं नाही.