पंचवीस हजारांत टच बसतो का?

मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत 75 टक्के किंवा त्याहून जास्त गुण पडले की सरकार लॅपटॉपसाठी 25,000 रुपये देते. 4 जुलै 2025 रोजी भोपाळहून ही रक्कम 94,234 मुलांच्या खात्यांत जमा झाली आणि त्यांत आमची पोरगीही होती. कटंगीत आमच्या घरी मग दुसरा विषयच उरला नाही. तिला टचस्क्रीनवालाच हवा होता.

तिचं म्हणणं अगदीच पोरकट नव्हतं. बीएस्सीला रसायनशास्त्र आहे, तेव्हा रेणूंच्या आकृत्या पडद्यावरच काढता येतील, असा तिचा हिशेब. माझा हिशेब वेगळा. तिला सीपीसीटी द्यायची आहे. आमच्या राज्यात बाबूच्या किंवा डाटा एंट्रीच्या नोकरीला ही परीक्षा लागते. हिंदी टायपिंग मिनिटाला 20 शब्द, आणि तेही रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट कळपाटावर. घरात आम्ही मराठी बोलतो, पण पोट भरायचं तर हिंदीतच टाइप करावं लागणार.

वारासिवनी-बालाघाटवरून जाणाऱ्या गाडीने गोंदियाला गेलो. सोबत टायपिंगच्या सरावाचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेतलं होतं. दुकानदाराने टचवाला पुढे केला, “घ्या भाऊ, एकदम मोबाइलवानी चालते.” चालत होताही. बोटाने पान सरकत होतं, फोटो मोठा होत होता. पण पोरीने रबरी टोकाची पेन घेऊन बेंझिनचा षट्कोन काढायला घेतला, तेव्हा तळहात पडद्याला टेकला आणि तिथेच एक आडवी रेघ उमटली. हात अधांतरी धरून काढला, तर कोपरे जुळेनात. पेनचं टोक आणि हात यांतला फरक ओळखणारा पडदा वेगळा असतो, त्याची पेनही वेगळी, आणि ते या भावात येत नाही. शिवाय बोट टेकवलं की प्रत्येक वेळी झाकण मागे डुलायचं. दारातून येणारं ऊन चकचकीत काचेवर पडलं, की त्यात अक्षरांऐवजी आमचीच तोंडं दिसायची.

मग आतला माल विचारला. 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण. विंडोज 11 ची किमान अट एवढीच आहे, म्हणून दुकानदाराचं ‘चालते’ खोटं नव्हतं. पण किमान म्हणजे उंबरठ्यापर्यंत. 64 जीबीतला बराच भाग विंडोजच गिळतं, आणि ही साठवण बोर्डावरच जोडलेली असल्याने बदलता येत नाही. टचच्या काचेला पैसे गेले की ते रॅममधून कापले जातात, हे सरळ गणित आहे.

दुसरा होता टचवालाच क्रोमबुक. खरं सांगायचं तर तो मला आवडला. लवकर सुरू होतो, आणि 2021 नंतरच्या मॉडेलांना 10 वर्षं अपडेट देण्याचं गूगलचं आश्वासन आहे. ज्यांना व्हिडिओ, मेल आणि ऑनलाइन अर्ज एवढंच करायचं आहे, त्यांनी खुशाल घ्यावा. पण विंडोजची सॉफ्टवेअर त्यावर चालत नाहीत, म्हणजे आमचा पेनड्राइव्ह खिशातच राहिला असता.

कोपऱ्यात जुने, दुरुस्त केलेले कंपनी-लॅपटॉप मांडलेले होते. काही टचचे, बांधा मजबूत, कळा उत्तम. पण इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक यंत्रांना विंडोज 11 अधिकृतपणे मिळत नाही, आणि विंडोज 10 ची नेहमीची अपडेट ऑक्टोबर 2025 मध्ये थांबणार होती. पिढी विचारली तर दुकानदार चार्जर दाखवायला लागला.

शेवटी साध्या पडद्याचा घेतला. 8 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी. पंचवीसच्या वर गेलेले पैसे मी घातले. पोरगी गाडीत जरा गप्पच होती. आता आकृत्या वहीतच काढते आणि मोबाइलने फोटो घेऊन फाइलीत चिकटवते. मी कळांवर लावायला रेमिंग्टनचे स्टिकर आणले होते, ते मात्र तिने लावू दिले नाहीत. “न पाहता टाइप करायचं शिकून राहिली बाबा मी, कळांवर अक्षरं कायले पाहिजे?”