मेस्त्राचा मुलगा

१९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ लागला, तेव्हा भल्यामोठ्या अंड्यातून नाचत बाहेर येणाऱ्या अँथनी गोन्साल्विसला पाहून आम्हीही पोटभर हसलो. हे नाव कुणा हाडामांसाच्या माणसाचे असेल, अशी शंकाही मनास शिवली नाही. संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना वाहिलेले ते वंदन होते, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले, आणि त्या हसण्याची थोडी लाज वाटली.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालचा, साष्टीतील माजोर्डा गावचा. वडील तेथल्या इगर्जीत गायकवृंदाचे मेस्त्र. (सुताराला आपण मेस्त म्हणतो, तो निराळा.) देवळाच्या अंगणात वाढलेल्यांस या मेस्त्राची ओळख दुरूनच असते. इगर्जीच्या पाठशाळेत गावची मुले त्याच्याजवळ सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, शिकत आणि व्हायोलिन हाती धरीत. मिस्सेला, लग्नाला, मयताला, खुरसापुढच्या लादाईनीला मेस्त्र आपली पोरे घेऊन हजर. मिळकत बेताची, आमच्या देवळांतील वाजंत्र्यांहून त्याचा संसार फारसा वेगळा नसावा. फरक एवढाच, की आमच्याकडे विद्या कानांतून येई, तेथे ती कागदावरून येई. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला कागद पाहून वाजविणारे वादक हवे होते. ते या पाठशाळांनी पुरविले.

गोन्साल्विस १९४३ साली मुंबईस गेले, नौशाद यांच्या वाद्यमेळात बसले. तेवढ्यावर ते सुखी राहते, तर आम्ही हे लिहिलेच नसते. त्यांनी हिंदुस्थानी रागाला पाश्चात्त्य स्वरमेळाची साथ द्यावयाचे मनावर घेतले. रागाला एक षड्ज पुरे, चार सुरांची गर्दी कशास, हा जाणकारांचा आक्षेप आम्हांस खोटा वाटत नाही. पण मेस्त्राच्या मुलाने सारंगावर कॉन्चेर्टो रचावा, यामागची ओढही खोटी नव्हे. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी आपला वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायिले.

१९६५ साली ते अमेरिकेस गेले. पुढे परतले ते माजोर्ड्यास, आणि २०१२ च्या जानेवारीत निवर्तले. मधल्या वर्षांत मडगावच्या बाजारास जाताना माजोर्ड्याचा फाटा आम्ही किती वेळा ओलांडला असेल! एकदाही आत वळलो नाही.