काहील, रंग आणि मजुरी

ऊस घालणारा शेतकरी गुऱ्हाळावर आला की आधी विचारतो, ‘कारखाना काय देतोय?’ आमच्या धंद्यातला पहिला आकडा असा आमच्या हातात नसतोच. केंद्र सरकार एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, ठरवतं. त्याच्या खाली बोललो तर ट्रॉली कारखान्याकडे वळते. कारखान्याची तोड लांबली, बिलं रखडली, की तीच ट्रॉली पुन्हा आमच्या दारात. त्यात अवकाळी पाऊस. चिपाड भिजलं की जाळ धरत नाही, रस काहिलीत जास्त वेळ शिजतो आणि गूळ काळपट पडतो.

पण मला सगळ्यात जड जातो तो रंगाचा आग्रह. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी त्याचं मोठं गिऱ्हाईक गुजरातचंच, आणि त्या बाजाराला ढेप पिवळीधमक लागते. म्हणून गुऱ्हाळावर हायड्रोस, म्हणजे रंग उजळणारी रासायनिक पूड, आली. ती घातली की गूळ त्या दिवशी उजळतो, साठवणीत मात्र काळवंडतो, आणि खाणाऱ्याच्या पोटात गंधक जातं ते वेगळंच.

खरं तर रंग मळीत असतो. रस तापला की मळी फेसासारखी वर येते. गूळ शिजवणारा गुळव्या त्यात भेंडीचा चिकट रस सोडतो, मळी त्यात धरली जाते, मग झाऱ्यानं ती हळूहळू ओढायची. पुढे पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळायची, ती भांड्याच्या काठावर मारायची. टणक आवाज आला की काहील उतरवायची. या कामात घाई चालत नाही. आणि घाई बाजार करत नाही, मालक करतो. आदणावर, म्हणजे काहिलीच्या खेपेवर, मजुरी दिली की जास्त आदणं काढण्यासाठी मळी अर्धीच निघते आणि राहिलेलं काम हायड्रोसची पुडी करते. हायड्रोसचा दोष एकट्या व्यापाऱ्यावर टाकणं मला पटत नाही ते यासाठीच.

आम्ही मजुरी आदणावरून रोजावर आणली. मळी निवांत निघू लागली, पुडी बंद झाली. ढेप जरा तांबूस दिसते, सौद्यात दर थोडा पडतो, पण ओळखीचे दुकानदार तीच मागतात.

आता अडचण माणसांची आहे. चुलवाणात जाळ घालायचं जळव्याचं काम करणारी पोरं शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातात, कारण तिथं पाळी संपली की माणूस मोकळा होतो. चुलवाणापुढं दिवसरात्र बसायला त्यांनी का यावं? म्हणून यंदा चुलवाणावर दोन पाळ्या लावल्यात. खर्च वाढलाय, तो मी नफ्यातून सोसतोय.